अठ्ठ्याहत्तरावं मिनिट

सहलीच्या पत्रकात सहाव्या दिवसाच्या रकान्यात छापलं आहे : ‘सकाळी नायगारा. दुपारी टोरांटोत विश्वचषक सामना (वेळेनुसार). रात्री भारतीय जेवण.’ कंस फक्त सामन्याला आहे. धबधब्याला कंस नाही, आणि जेवणाला कंस घालण्याची हिंमत आजवर कुठल्याही सहल कंपनीला झालेली नाही.

२०२६ ची स्पर्धा तीन देशांत, १६ शहरांत, ४८ संघांची, १०४ सामन्यांची. ११ जून ते १९ जुलै, म्हणजे सव्वा महिना नुसता फुटबॉल. एवढ्यातले सलग दोन तास सहलकराला मिळतीलच, अशी हमी पत्रक देत नाही. आमच्या सोसायटीतल्या काकांची त्याबद्दल तक्रारही नाही. विश्वचषकाला जायचं, एवढं त्यांचं नक्की आहे. तो बघायचा का, ते तिथं गेल्यावर बघू.

काका या बाबतीत अनुभवी आहेत. २०२२ ला ते कतारला जाऊन आले. तेव्हाही पत्रक होतं, ‘फुटबॉल अधिक वाळवंट’ असं काहीतरी नाव होतं, आणि चाळीस जणांचा ग्रुप होता. सूक वाकिफचा बाजार झाला, तिथला ससाण्यांचा दवाखाना झाला (पंचवीस मिनिटं, दोन ससाणे आणि एक डॉक्टर, तिघांबरोबरही फोटो), राष्ट्रीय संग्रहालय बाहेरून झालं, कॉर्निशवर समुद्राला पाठ करून ग्रुप फोटो झाला. मग २५ नोव्हेंबरचा शुक्रवार उजाडला. दुपारी एक वाजता, अल रय्यानच्या अहमद बिन अली स्टेडियमवर, वेल्स विरुद्ध इराण.

वेल्सचा संघ विश्वचषकात आला होता तो १९५८ नंतर थेट आता, ६४ वर्षांनी. आजोबांनी नातवाला सांगितलेली गोष्ट नातू आपल्या डोळ्यांनी बघायला आला होता. लाल टोप्या घातलेली माणसं राष्ट्रगीत म्हणताना रडत होती. इराणी प्रेक्षकही रडत होते, त्यांची कारणं वेगळी होती. या सगळ्यात टूर मॅनेजरचा भगवा त्रिकोणी झेंडा कुठं दिसेना. सहलीच्या इतिहासात पहिल्यांदाच झेंडेवाल्याला झेंड्यांच्या गर्दीत कुणी विचारत नव्हतं. त्यानं शेवटी झेंड्याला पाण्याची रिकामी बाटली बांधली. मग तो सापडला.

आता मिनिटांचा हिशेब. सोळाव्या मिनिटाला इराणचा गोल झाला आणि ऑफसाइड म्हणून रद्दही झाला. ग्रुप त्या वेळी चकलीचं पाकीट आत कसं आणता आलं असतं यावर चर्चा करत होता. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात इराणचे दोन फटके काही सेकंदांच्या अंतरानं खांबावर आदळले. ठण्ण. पुन्हा ठण्ण. चाळीस हजार माणसांनी डोक्याला हात लावले. काकूंनी विचारलं, ‘‘हे दोन धरतात का?’’ आणि ७८ व्या मिनिटाला, फळ्यावर शून्य-शून्य असताना, बाटलीचा झेंडा हवेत उठला. ‘‘चला मंडळी! गर्दी व्हायच्या आत!’’

कारण वाळवंट सफारी. टेकड्यांवरून उड्या मारणाऱ्या जीपा तीनला लागणार होत्या आणि नोव्हेंबरात तिथला सूर्य पावणेपाचच्या सुमाराला बुडतो. सूर्य थांबत नाही, असं टूर मॅनेजर म्हणाला. बरोबर आहे. सामनाही थांबत नव्हता, पण त्याचं वेळापत्रक कुणाच्या बॅगेत नव्हतं.

या सदराच्या लेखकाला त्या अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटानं झपाटलं आहे. सत्तर नाही, ऐंशी नाही. अठ्ठ्याहत्तर. काका पैशाच्या बाबतीत निष्काळजी असते तर समजून घेता आलं असतं. पण ते तसे नाहीत. हॉटेलचा नाश्ता साडेदहाला बंद होत असेल तर काका दहा एकोणतीसला तिथंच असतात, पुढ्यात चौथी प्लेट, आणि खिशात कागदी रुमालात गुंडाळलेली दोन उकडलेली अंडी. ‘‘पैसे भरलेत आपण,’’ हे त्यांचं त्यामागचं तत्त्वज्ञान. साबणाच्या वड्या ते रोज उचलतात, कारण पैसे भरलेत. शॉवर कॅप उचलतात, आणि घरी आल्यावर ती ताकाच्या पातेल्यावर बसते. मग सामन्याचं काय झालं? परदेशी प्रेक्षकांसाठी गटसाखळीचं सगळ्यात स्वस्त तिकीट २५० रियालचं होतं, तेव्हाच्या भावानं साडेपाच हजारांच्या वर. नव्वद मिनिटांनी भागा. मिनिटाला बासष्ट रुपये पडतात. बारा मिनिटं आधी उठलं की साडेसातशे रुपये गेले. साडेसातशे रुपये! नवरा-बायको मिळून पंधराशे! एवढ्या रकमेसाठी काका सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन तास उभे राहून बोलले आहेत. आणि खरी मेख पुढेच आहे. नव्वद मिनिटांनंतरचा जो भरपाईचा वेळ असतो, तो फुकट असतो. तिकिटात धरलेला नसतो. त्या स्पर्धेत तर तो मापानं नाही, ओंजळीनं वाटत होते; चारच दिवस आधी याच इराणच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात नुसत्या पूर्वार्धाला १४ मिनिटं वाढवून मिळाली होती. भाजीवर मूठभर कोथिंबीर फुकट मिळावी म्हणून मंडईत हुज्जत घालणारा माणूस इथं फुकटची अख्खी जुडी टाकून निघाला.

ग्रुप गुडघे ओलांडत बाहेर आला. रांगेतल्या एका वेल्श म्हाताऱ्यानं पाय आखडून घेतले आणि चेहऱ्यावर काळजी आणली. त्याला वाटलं, कुणाला तरी बरं नाहीये. चाळीस जणांना एकदम.

बस लांब उभी होती. ड्रायव्हर मलबारचा, दोह्यात अकरा वर्षं. कतारमध्ये परदेशी लोकांत सगळ्यात मोठी संख्या भारतीयांची आहे, आणि त्यात मलयाळी माणूस फुटबॉल म्हटलं की जेवण विसरतो. त्याला रजा नव्हती. त्यानं मोबाइल स्टिअरिंगला रबर बँडनं बांधला होता आणि त्यावर तो सामना बघत होता. बसमध्ये मोजदाद सुरू झाली. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. एक कमी. पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी.

कमी होते ते कोल्हापूरकर.

निवृत्त गृहस्थ, एकटेच आलेले, तीन दिवस कुणाशी फारसे न बोललेले. संग्रहालय बाहेरून बघताना ‘आत काय आहे?’ असं विचारून त्यांनी आधीच नाराजी ओढवून घेतली होती. त्यांनी झेंडा पाहिला होता. पण आयुष्य शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलेलं. तिथं पेठेपेठेच्या तालमींचे संघ खेळतात, आणि बरोबरीत असलेला सामना सोडून कुणी उठलं तर लोक समजतात की घरून फोन आलाय. ते बसून राहिले. ८६ व्या मिनिटाला वेल्सचा गोलरक्षक पेनल्टीच्या खोक्याबाहेर धावत आला आणि समोरच्याला आडवा करून गेला. पंचांनी आधी पिवळं कार्ड दाखवलं, मग पडद्यावर जाऊन पुन्हा पाहिलं आणि लाल काढलं. विश्वचषकाच्या इतिहासात लाल कार्डानं बाहेर जाणारा हा केवळ तिसरा गोलरक्षक. १९३० पासून तिसरा. बसमध्ये त्याच वेळी एसी वाढवायचा की कमी करायचा यावर मतदान चाललं होतं.

टूर मॅनेजर कोल्हापूरकरांना फोन लावत होता. उचलला जात नव्हता. आणि ९८ व्या मिनिटाला ड्रायव्हर ओरडला. मागोमाग, दोनेक सेकंदांनी (की उलट? मोबाइलवर चित्र उशिरा येतं, तेव्हा उलटच), स्टेडियम ओरडलं. काचा थरथरल्या. इराणच्या बचावपटूनं खोक्याबाहेरून मारलेला खालच्या उंचीचा फटका जाळ्यात होता. तीन मिनिटांनी, १०१ व्या मिनिटाला, दुसरा. गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद. युरोपातल्या संघाला इराणनं विश्वचषकात हरवलं ते याच दिवशी, पहिल्यांदा. तिकीट काढलेली एकोणचाळीस माणसं बसच्या काचेला नाक लावून आवाजाच्या दिशेनं बघत होती, आणि ज्याला तिकीट परवडलं तरी रजा मिळाली नसती तो एकटा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता.

‘‘काय झालं हो?’’ काकूंनी विचारलं.

‘‘सुटला असेल,’’ काका म्हणाले. ‘‘म्हणून म्हटलं, गर्दीच्या आत निघावं.’’

इथं थांबून दोन शब्द रागानं लिहिणं भाग आहे, कारण हा रोग दोह्यात लागलेला नाही, तो इथून सामानाबरोबर जातो. मैफलीत भैरवी सुरू झाली की पहिल्या तीन रांगांत पर्सच्या चेन उघडतात. गाणारी बाई तीन तास गाऊन शेवटचं, सगळ्यात आतलं काही देऊ बघते, आणि समोर लोक किल्ल्या शोधत असतात. नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात, जिथं लेखकानं दोन अंकांचं व्याज जमा करून ठेवलेलं असतं, तिथं पार्किंगमधून गाडी काढायचा विचार करून माणसं वाकून वाकून निघतात. वाकल्यानं आपण दिसत नाही असा त्यांचा समज. लग्नात शेवटच्या मंगलाष्टकेला अक्षता हातातून सुटायच्या आधी पाय पंगतीकडे वळलेले असतात, आणि त्या अक्षता नवरा-नवरीऐवजी पुढच्या माणसाच्या टकलावर पडतात. विमानाची चाकं अजून धावताहेत, पट्ट्याचा दिवा चालू आहे, आणि अर्धं विमान वाकड्या मानेनं मधल्या वाटेत उभं आहे. कुठं जायचंय? पुढं दार बंद आहे! पोचायची घाई एक वेळ समजते. पण यांना पोचायचंही नसतं. निघायची घाई असते. हजारो किलोमीटर जाऊन, व्हिसाच्या रांगा लावून, कर्ज नसलं तरी मुदतठेव मोडून जिथं जायचं, तिथून इतरांच्या आधी निघून दाखवायचं, हा यांचा खेळ. त्यात हे विश्वविजेते आहेत आणि त्यांना भरपाईचा वेळही लागत नाही.

कोल्हापूरकर तीन-पंचवीसला आले. शर्ट घामानं चिकटलेला, गळ्यात कुणीतरी घातलेला इराणी रुमाल. बसमध्ये चढताना त्यांनी सगळ्यांकडे बघून नुसते दोन्ही हात वर केले. त्यांना वाटलं, लोक विचारतील. लोकांनी विचारलं. ‘‘वेळेचं काही भान?’’ एकोणचाळीस आवाजांत.

दंड ठरला : सगळ्यांना चहा. सीलाइनला, वाळवंटाच्या कडेला, जीपवाले टायरमधली हवा सोडत होते, वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून. ती फुस्स होईपर्यंत कोल्हापूरकरांनी सुट्टे रियाल मोजून चहाचे चाळीस कागदी कप घेतले. एक ड्रायव्हरला नेऊन दिला. ते दोघं बसच्या सावलीत उभे राहिले आणि एक मराठीत, दुसरा मलयाळममध्ये, हातांनी हवेत फटका कसा गेला ते एकमेकांना दाखवत राहिले. सूर्य बुडाला तो दोघांनीही पाहिला नाही.

सोसायटीच्या हॉलमध्ये काकांनी पडद्यावर फोटो दाखवले. वाळूचे एकशे ऐंशी, उंटाचे बत्तीस, सामन्याचा एक. त्यात मागं फळा दिसतो : ७७ मिनिटं, शून्य-शून्य. ‘‘बरोबरीत सुटला,’’ काका सांगतात. ‘‘तसा काही खास नव्हता.’’

टोरांटोसाठी त्यांनी आगाऊ रक्कम भरली आहे. कोणते संघ खेळणार ते विचारलं नाही. खुर्ची मात्र कडेची मागितली आहे, जिन्याजवळची.