बाराव्यानंतर विसावा

माझ्याकडे 'द सिम्पसन्स'चे डीव्हीडी-सेट आहेत हे कळलं की लोक आधी "अरे वा" म्हणतात आणि लगेच "अजून?" असं विचारतात. पाटा-वरवंटा, पोस्टातलं बचत खातं आणि पन्नाशीतलं भरतनाट्यम यांच्याबद्दलही हा 'अजून' असाच विचारला जातो. मग समजुतीच्या सुरात सांगितलं जातं की अहो, आता सगळं मोबाइलवर मिळतं.

मिळतं, मान्य. पण मोबाइलवर जे मिळतं त्यात कुणीतरी, कुठेतरी बसून सारखी सुधारणा करत असतं. माझ्या कपाटातल्या तबकडीत कुणाला काही सुधारता येत नाही, मलासुद्धा नाही. हे सुख सुधारकांच्या महाराष्ट्रात चारचौघांत बोलून दाखवायची सोय नाही, म्हणून लिहून काढतेय.

ज्यांनी ही कार्टून मालिका पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्प्रिंगफील्ड नावाचं अमेरिकन गाव आणि त्यातलं एक पिवळंधमक कुटुंब. बाप होमर अणुऊर्जा प्रकल्पात सुरक्षेचं काम बघतो, म्हणजे तिथे झोपतो. आई मार्ज, तिचा निळा अंबाडा हातभर उंच. बार्ट वाह्यात, लिसा हुशार आणि तान्ह्या मॅगीच्या तोंडात कायम चोखणी. मॅट ग्रेनिंग यांची ही मंडळी १९८७ मध्ये ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमात छोट्या छोट्या तुकड्यांतून आली आणि १७ डिसेंबर १९८९ ला त्यांची स्वतःची मालिका सुरू झाली. तेव्हा बार्ट दहा वर्षांचा होता, लिसा आठ. आजही तेवढेच आहेत. मला ते जमलं नाही.

आमची गाठ पडली डोंबिवलीत, कॉलेजच्या दिवसांत, स्टार वर्ल्डवर. म्हणजे केबलवाल्याच्या मर्जीवर. कार्यक्रम रंगात आला की तो नेमका स्वतःचा चॅनेल त्या जागी घुसवायचा आणि होमरच्या जागी स्टेशनसमोरच्या पावभाजीची जाहिरात सरकू लागायची. त्यामुळे कित्येक विनोदांचा पूर्वार्ध मला कॉलेजात कळला आणि उत्तरार्ध लग्नानंतर.

लग्नानंतर, कारण लग्नात मला न्यू जर्सीतल्या एडिसनची नणंद मिळाली. पहिल्या सीझनचा सेट अमेरिकेत सप्टेंबर २००१ मध्ये निघाला. तिने तो माहेरी येताना बॅगेतून आणला, बदाम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या मधोमध. मी हरखून प्लेयरमध्ये घातला तर पडद्यावर उत्तर आलं की ही डिस्क या देशात चालणार नाही. डीव्हीडीवाल्यांनी जगाच्या वाटण्या करून ठेवल्या होत्या. अमेरिका-कॅनडा विभाग एक आणि आपण विभाग पाच, रशिया आणि बऱ्याचशा आफ्रिकेच्या पंगतीला. नवऱ्याने संगणकाची युक्ती काढली. पण संगणकातल्या ड्राइव्हला विभाग पाचच वेळा बदलता येतो, मग शेवटी जिथे असेल तिथे तो जन्मभर राहतो. यंत्रांना असा नियम लावणारी माणसं पक्षांतराच्या वेळी कुठे जातात कोण जाणे. शेवटी प्लेयर पिशवीत घालून लॅमिंग्टन रोड गाठला. तिथल्या एका पोराने रिमोटवर चार आकडे दाबले आणि म्हणाला, "आता काय पण लावा ताई, चालतंय." जगाच्या वाटण्या तिथेच मिटल्या.

या मालिकेच्या लेखकांना एक खोड आहे. दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्रांचे मथळे, चर्चबाहेरचा फलक अशा ठिकाणी ते काहीबाही लिहून ठेवतात, आणि चालत्या चित्रात ते वाचणं मनुष्यमात्राला शक्य नसतं. मालिका सुरू झाली तेव्हा घरोघरी व्हीसीआर आले होते; कुणीतरी चित्र थांबवून वाचेल या भरवशावर हा उद्योग चाले. पण व्हीसीआरवर थांबवलेलं चित्र थंडी भरल्यासारखं थरथरायचं. डीव्हीडीवर लख्ख. सुरुवातीच्या शीर्षकदृश्यात मॅगी किराणा सामानाबरोबर पट्ट्यावरून सरकत जाते आणि गल्ल्यावरचं यंत्र तिचीही किंमत लावते, ती पापणी लवायच्या आत निघून जाते. मी थांबवून वाचली. ८४७ डॉलर ६३ सेंट. तेव्हाच्या अमेरिकेत तान्ह्या बाळाचा महिन्याचा खर्च म्हणून हा आकडा घातलेला होता. सासूबाईंनी रुपयांत किती होतात ते विचारून घेतलं, मग म्हणाल्या, "आमची तिन्ही मिळून लग्नापर्यंत एवढ्यात नाही का गं झाली?"

सासूबाई या मालिकेच्या नियमित प्रेक्षक आहेत हे सांगायचं राहिलं. इंग्रजीशी त्यांचं वैर नाही, फक्त ओळख नाही. पण बाई राबतेय आणि बाप्या सोफ्यावर लोळतोय एवढ्यावर त्यांना सगळं कथानक लागतं, आणि बहुतेक भागांत ते बरोबर निघतं. मार्जला त्या 'निळ्या अंबाड्याची' म्हणतात. होमरला नाव दिलेलं नाही. त्याच्यासाठी "हा" पुरतो.

पण डीव्हीडीची खरी चैन म्हणजे कॉमेंटरी. एक बटण दाबलं की पात्रांचे आवाज मागे पडतात आणि ज्यांनी तो भाग लिहिला, काढला ती माणसं स्वतःचंच काम बघत गप्पा मारू लागतात. एक विसावा सीझन सोडला तर सुरुवातीपासून सेटमधल्या प्रत्येक भागाला ही सोय आहे. मला वाटलं होतं विद्वत्ता ऐकायला मिळेल. प्रत्यक्षात ही मंडळी कॉलेजच्या कट्ट्यावरच्यासारखी खिदळतात, अमका विनोद कुणी लिहिला यावरून एकमेकांचं श्रेय लाटतात, फसलेल्या विनोदाचं तेवढ्याच मोकळेपणाने दुसऱ्याच्या अंगावर ढकलतात. मध्येच सगळे गप्प होतात, कारण भाग रंगलेला असतो आणि बोलायचं विसरलेले असतात. अशा वेळी आपणही त्याच सोफ्यावर टेकलो आहोत असं वाटतं.

पहिल्या सीझनमध्ये तर त्यांनी घरची धुणी रस्त्यावर वाळत घातली आहेत. सगळ्यात आधी बनलेला भाग कोरियातून ॲनिमेशन होऊन परत आला तेव्हा इतका भीषण होता की दारं आपटली की रबरासारखी वाकत. जेम्स ब्रुक्स हे निर्माते तो बघून हबकले. त्या भागाचा मोठा हिस्सा नव्याने करावा लागला, मालिकाच लांबणीवर पडली, आणि म्हणून ती डिसेंबरात थेट नाताळच्या भागाने सुरू झाली. सर्वांत आधी बनलेला तो भाग सीझनच्या शेवटी, मे १९९० मध्ये दाखवला गेला. फसलेल्या आवृत्तीतली दृश्यं त्यांनी सेटमध्ये हौसेने घातली आहेत. आपल्याकडे एखादं नाटक पडलं की पहिली आठवण पुसली जाते ती त्याचीच. हे लोक ते चांदीच्या ताटात वाढतात. मला मालिकेइतकंच हे आवडतं, थोडं जास्तच.

जॉन स्वार्ट्झवेल्डर यांचा किस्सा तर मी जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा सांगितलाय की नवरा आता पाणी आणायला उठतो. ५९ भाग लिहिणारा हा माणूस, इतके दुसऱ्या कुणीच लिहिले नाहीत, पण चारचौघांत येणार नाही, २०२१ पर्यंत मुलाखत दिली नाही, कॉमेंटरीच्या खोलीत तर पाऊल टाकणार नाही. नवव्या सीझनमध्ये त्यांच्या एका भागाची कॉमेंटरी चालू असताना सहकाऱ्यांनी सरळ त्यांच्या घरी फोन लावला. स्वारी बोलली. आणि मग, मी खरा स्वार्ट्झवेल्डर नाही ही किती वाईट गोष्ट, अशा अर्थाचं काहीतरी टाकून फोन ठेवून दिला. तेवढ्या काही क्षणांसाठी तो सेट घरात ठेवायला मी तयार आहे.

सासूबाईंना कॉमेंटरी पटत नाही.

"अगं, हे मधेमधे कोण बोलतंय?"

"आई, ज्यांनी हे लिहिलंय ना, तेच बोलतायत."

"मग लिहायच्या आधी बोलून घ्यायचं ना!"

आता सुधारणेकडे येते. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू झालं आणि सगळे सिम्पसन्स तिथे गेले. जुने भाग चौकोनी टीव्हीसाठी काढलेले, आजचे टीव्ही लांबट. कडेला काळ्या पट्ट्या दिसल्या तर गिऱ्हाईक रुसेल, म्हणून कुणीतरी चित्रच वरून-खालून कापलं. त्यात १९९३ च्या एका भागाचा बळी गेला. होमर डफ बिअरच्या कारखान्यात जातो. तिथे तीन टाक्या आहेत: साधी डफ, डफ लाइट, डफ ड्राय. आणि तिन्ही टाक्यांत एकाच नळातून बिअर पडते आहे. विनोद सगळा त्या नळात, आणि नळ सगळा वरच्या बाजूला. कापलेल्या चित्रात उरल्या तीन टाक्या आणि भक्तिभावाने बघणारा होमर. बघणाऱ्याला वाटावं, कारखान्याचा माहितीपट चालू आहे. चाहत्यांनी जगभर एवढा आरडाओरडा केला की मे २०२० मध्ये मूळ मापाचं चित्र बघायची सोय झाली. मधले काही महिने तो नळ जगात कुठे शाबूत होता? आमच्या डोंबिवलीच्या कपाटात. त्या काळात माझी चाल किंचित बदलली होती, असं नवरा म्हणतो.

कधी नळ जातो, कधी अख्खा भाग. १९९१ मध्ये तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात होमरला वेड्यांच्या इस्पितळात एक धिप्पाड माणूस भेटतो आणि मी मायकेल जॅक्सन आहे असं सांगतो. बोलण्याचा आवाज खरोखर मायकेल जॅक्सनचा, श्रेयनामावलीत मात्र जॉन जे स्मिथ. २०१९ मध्ये जॅक्सनवरच्या गंभीर आरोपांचा माहितीपट आला आणि निर्मात्यांनी तो भाग सगळीकडून काढून घेतला. तेव्हा तो ज्यांच्या फडताळात आहे त्यांच्याकडेच आहे. काढला ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण भाग घरात असल्यामुळे ठरवायला सवड आहे. हाँगकाँगमधल्या प्रेक्षकांना ती नव्हती. तिआनमेन चौकावर शेरा मारणारा भाग तिथल्या डिस्ने प्लसच्या यादीत नाहीच, हे २०२१ मध्ये लोकांच्या लक्षात आलं.

काही सुधारत नाही याची दुसरी बाजूही माझ्याच कपाटात आहे, आणि ती नणंदेच्या घरातून आली. किराणा दुकानदार अपू. नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून ठेवलेलं, शिक्षण संगणकशास्त्रातली डॉक्टरेट, आणि आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाने काढलेला, हिंदुस्थानी माणसाने कधी न काढलेला. मी डोंबिवलीत बसून अपूला हसले, कारण माझ्या आजूबाजूला शंभर तऱ्हेचे भारतीय होते आणि हा त्यांतला एक. माझ्या भाच्याला मात्र शाळेत त्याच उच्चारात हाक मारायचे, आणि त्या वर्गात भारतीय म्हणजे अपू नाहीतर तो, एवढेच दोन. हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये यावर माहितीपट केला, २०२० मध्ये अझारियांनी तो आवाज काढणं थांबवलं, पुढे माफीही मागितली. तबकडीवरचा अपू हे काही जाणत नाही. एका सुट्टीत मी भाच्याला विचारलं, तुला हे घरात खटकत असेल तर आवरून ठेवू का? तो म्हणाला, "मामी, अजिबात टाकू नकोस. पुरावा आहे तो." आणि मग मोनोरेलचा भाग लाव म्हणाला. तो कॉनन ओब्रायन यांनी लिहिलाय आणि त्याच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही.

राहता राहिली वेष्टनं. २००५ मध्ये सहावा सीझन होमरच्या डोक्यात निघाला. अक्षरशः, पिवळं, टकलं, प्लॅस्टिकचं मुंडकं, आणि आत डिस्का. ते मांडणीवर धड उभं राहीना, म्हणून अमेरिकेत बोंब झाली आणि कंपनीने साधं खोकं देऊ केलं. पण नणंदबाईंनी हौसेने डोकीच आणली: सातवा मार्ज, आठवा मॅगी, नववा लिसा, दहावा बार्ट. आमच्या माळ्यावर गौरींचे मुखवटे मऊ कापडात गुंडाळून वर्षभर ठेवलेले असतात, त्यामुळे डबा उघडला की चेहरा दिसायची घराला सवय होती. कुणी दचकलं नाही. झाडणाऱ्या मावशी तेवढ्या होमरला पाठमोरा करून जातात.

या मालिकेत माझ्यासारख्यांची टर उडवणारं एक पात्रही आहे, कॉमिक बुकच्या दुकानाचा जाडजूड मालक. १९९७ च्या एका भागात तो नव्या एपिसोडला नाकं मुरडतो, तेव्हा बार्ट त्याला विचारतो की कार्टून बनवणारे तुला इतकी वर्षं फुकट करमणूक देतायत, वर तुझं काय देणं लागतात? भल्याभल्या चाहत्यांना या प्रश्नाने गप्प केलंय. मला करू शकत नाही. आमचं फुकट नाही, आम्ही रोख पैसे मोजलेत (नणंदेने मोजलेत). तेव्हा तक्रार करण्याचा आमचा हक्क शाबूत आहे आणि तो मी इथे बजावते.

एक तर, बाराव्या सीझननंतर कंपनीने विसावा बाजारात आणला, जानेवारी २०१० मध्ये, मालिकेला वीस वर्षं झाली म्हणून, तेरावा त्याच्यानंतर. बाराव्यानंतर तेरावा येतो हे आपल्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. बरं, त्या घाईत विसाव्याला कॉमेंटरीच नाही. म्हणजे सणाला घरी बोलावलं आणि यजमान गावाला गेले. २०१५ मध्ये सतरावा शेवटचा म्हणून जाहीर केला, आम्ही रीतसर शोक केला, मग २०१७ मध्ये अठरावा आला आणि २०१९ मध्ये एकोणिसावा. विसाव्याला शेजार मिळाला. त्यापुढे मात्र तबकडी नाही. मालिका चालूच आहे आणि माझी मांडणी विसाव्यावर अडलेली.

सासूबाईंनी एक तक्रार यात जोडायला सांगितली आहे: इतक्या वर्षांत त्या निळ्या अंबाड्याच्या बाईला मदतीला एक बाई मिळू नये? मी म्हटलं, आई, मिळाली होती की, छत्री घेऊन उडत आलेली, शेरी बॉबिन्स नावाची, गाणं म्हणत घर आवरायला शिकवायची. त्या खूश झाल्या, तोच भाग लाव म्हणाल्या. परत जाताना ती विमानाच्या इंजिनात सापडते हे मी सांगितलेलं नाही. भाग आठव्या सीझनमध्ये आहे, मॅगीच्या डोक्यात. शोधतेय असं सांगून ठेवलंय.