दोन ओळींचं काम

दाजींना घरातली कुठलीही अडचण सांगू नये. "त्यात काय, दोन ओळींचं काम आहे," म्हणत ते लॅपटॉप उघडतात. अडचण राहते बाजूला आणि पानातली आमटी निवते. ताईनं फक्त विचारलं होतं, "गॅस कधी बुक केला होता हो?" तर घरात डॅशबोर्ड आला.

असे दाजी तुमच्याकडेही असतीलच. माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली उतरतो, त्यातलं विंडोज पुसून डेबियन चढतं, डेबियनवर डॉकर, आणि डॉकरात एकेका कामाला एकेक कंटेनर. "कर्नल सगळ्यांचा एकच, संसार मात्र वेगळे. एक पडला तरी दुसऱ्याला धक्का नाही," दाजी समजावतात. ताई म्हणाली, "मग आमच्या चाळीत काय वेगळं होतं?"

पडद्यावर आता पुण्याचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, डिस्क किती भरली, सगळं दिसतं. गॅसची तारीख तेवढी राहिली.

त्या दोन ओळी मी पाहिल्या आहेत. कंपोझ फाइल म्हणतात तिला; खाली सरकवत राहिलं तरी संपत नाही. ती यामलमध्ये लिहायची, आणि यामलला ओळीच्या सुरुवातीला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. दाजी पडद्याला नाक लावून करंगळीच्या नखानं स्पेस मोजतात. मध्येच कुणी चहा विचारला की मोजणी पहिल्यापासून. एवढं करून उत्तर आलं, पोर्ट आधीच कुणीतरी घेतलाय! बराच शोध घेतल्यावर सापडलं ते दाजींचंच मागच्या दिवाळीतलं अपत्य. त्याला 'अनलेस-स्टॉप्ड' सांगून ठेवलेलं, त्यामुळे लाइट गेली-आली की ते इमानानं उठून ८० नंबरच्या पोर्टवर बसत होतं.

एकदा 'कंपोझ डाउन'पुढे '-व्ही' लागला आणि व्हॉल्यूमसकट किराण्याचा अख्खा हिशेब गेला. ताई काही बोलली नाही. आतून वही आणून टेबलावर ठेवली. दाजींनी वहीकडे बघितलंही नाही. "बॅकअप लावतो. दोन ओळींचं काम आहे."

पण पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यांच्या गर्दीत 'वाई' नावाचा एक ठिपका आहे. वाईला दाजींच्या आई एकट्या असतात. तिथला एक चिमुकला रास्पबेरी पाय दर मिनिटाला इथल्या 'अपटाइम कुमा' नावाच्या पहारेकरी प्रोग्रॅमला हजेरी देतो. हजेरी चुकली की ठिपका लाल. बहुतेक वेळा नुसती लाइट गेलेली असते. तरी दाजी हातातलं सोडून फोन लावतात. "अरे, आत्ताच अंधार झाला बघ. तुला बरं सुचतं!" तिकडून आवाज येतो. "सहज केला गं," दाजी म्हणतात. आईला सहज फोन करायला या माणसाला एवढी मोठी फाइल लागली.

आमच्या आईसाठीही तसा एक ठिपका लावा, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. कुणाकडे रास्पबेरी पाय पडून असेल तर कळवा. चार्जरसकट.