ओरिजिनल अप्पा

मीरा रोडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत शिरा. कंपाउंडच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात, पाण्याच्या पंपाशेजारी, चंदेरी कव्हर घातलेली एक गाडी असते. कव्हरवर मांजर झोपलेलं असतं आणि खालून माणसाचे दोन पाय बाहेर आलेले असतात. मांजर सोसायटीचं असतं. पाय अप्पांचे.

अप्पा मूळचे गिरगावचे, नाहीतर लालबाग-परळचे. चाळीतली खोली देऊन नव्वदीच्या आगेमागे इकडे आलेले, बँकेतून किंवा बेस्टमधून रिटायर झालेले. बरोबरीची माणसं सकाळी लाफ्टर क्लबला हसायला जातात. अप्पा पान्यांचा सेट घेऊन खाली उतरतात आणि हसायचं काम वरच्या मजल्यांवरचे लोक करतात.

कव्हरखाली आहे 1974 सालची प्रीमियर पद्मिनी. तिला अप्पांसमोर ‘जुनी फियाट’ म्हणायचं नाही. ‘बंद आहे का हो?’ असंही विचारायचं नाही. “बंद नाही. काम काढलंय,” असं उत्तर मिळतं. काम काढलं तेव्हा अप्पा नोकरीत होते आणि मीरा-भाईंदरला नगरपालिका होती. 2002 मध्ये तिची महानगरपालिका झाली, मग अप्पा रिटायर झाले, मग रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले. काम अजून काढलेलंच आहे.

“खाडीपलीकडची वसई घ्यायला चिमाजी अप्पांना 1737 ते 1739 एवढाच वेळ लागला,” असं चेअरमननी एकदा वार्षिक सभेत काढलं.

“त्यांना सुरुंग लावायची मुभा होती,” आमचे अप्पा शांतपणे म्हणाले. “मला तुम्ही दुपारी दोन ते चार ग्राइंडरसुद्धा लावू देत नाही.”

अप्पांचं शरीर मीरा रोडला असलं तरी जीव अमेरिकेत आहे. 1968 च्या ‘बुलिट’ सिनेमात स्टीव्ह मॅक्वीन सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून हिरवी मस्टँग उडवतो, ते त्यांनी कोवळ्या वयात पाहिलं आणि तिथून ते परत आलेच नाहीत. फोर्डने मस्टँग 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आणली, किंमत 2,368 डॉलर, आणि पहिल्याच दिवशी 22,000 गाड्यांची मागणी नोंदली गेली, हे त्यांना तोंडपाठ आहे. लग्नाची तारीख विचारली तर मात्र ते वहिनींकडे बघतात. त्याच 1964 मध्ये आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली आणि पुढे 1974 मध्ये तिचं पद्मिनी म्हणून बारसं झालं. “म्हणजे जुळ्या बहिणी,” अप्पा सांगतात. एकीला आठ सिलिंडरचं 4,700 सीसीचं इंजिन मिळे, दुसरीला चार सिलिंडरचं 1,089 सीसीचं. जत्रेत हरवलेल्या बहिणींमध्ये एवढा फरक हिंदी सिनेमात चालून जातो.

शिवाय मुंबईला अमेरिकन गाडी परकी नाही, हे त्यांचं दुसरं कलम. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला कारखाना घातला आणि शेव्हरोले जुळवायला घेतल्या. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर कंपनी काढली तीही क्रायस्लरचा हात धरून. कुर्ल्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळल्या, फियाट मागून आली. हा सगळा इतिहास अप्पा गेटवर थांबलेल्या डिलिव्हरी बॉयला सांगतात. त्याचं पार्सल निवत जातं आणि अप्पा तापत जातात.

2016 मध्ये मस्टँग रीतसर भारतात आली, 65 लाखांना. “तेवढ्यात इथे फ्लॅट येतो,” वहिनी म्हणाल्या. “फ्लॅटला पिकअप नसतो,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी मनाशी ठरवलं. मस्टँग परवडत नाही ना, मग पद्मिनीचीच मस्टँग करायची.

अमेरिकेत हा छंद घरच्या घरी होतो, कारण तिथे गाडीलाही घर असतं. बंगल्याला लागून गॅरेज, त्यात गाडी उचलून धरणारी लिफ्ट, आणि कॅटलॉगवर बोट ठेवलं की साठ वर्षांपूर्वीच्या मस्टँगचा दरवाजा, बॉनेट, इतकंच काय, अख्खी नवीकोरी बॉडी घरपोच. अप्पांच्या वाट्याला आली अडीच मीटर बाय पाच मीटरची, पांढऱ्या रेघांची चौकट. तिच्यावर दुसऱ्या मजल्याचा एसी ठिबकतो. लिफ्ट आहे, पण ती सभासदांसाठी.

तरीही अप्पा हटले नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून अपघातातल्या एस्टीमच्या दोन बकेट सीट आल्या. त्या बसवायला पुढची सलग सीट निघाली आणि ती वहिनींच्या हॉलमध्ये सोफा म्हणून रुजू झाली. स्टिअरिंगवरचा गिअर खाली आणायचा घाट घातला गेला. प्रीमियरच्याच 118 एनई गाडीचं 1,171 सीसीचं निसानवालं इंजिन बघून ठेवलं. बॉनेटवर हवा घ्यायला स्कूप पाहिजे, तो भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातल्या एका कारागिराने दहा किलोच्या डब्यातून कापून दिला. वहिनींनी बाल्कनीतून बॉनेट पाहिलं आणि आत जाऊन स्वयंपाकघरातले डबे मोजले. शेवटी बॉनेटपासून डिकीपर्यंत दोन पांढरे पट्टे ओढायचे होते. पेंटरने बॉनेटवरचे पट्टे एका दिवशी ओढले, डिकीवरचे दिवाळीनंतर. त्यांची गाठ अजून पडायची आहे.

मग 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने बजावलं, की कंपनीने बनवली त्याहून वेगळी गाडी करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधीपासून होतंच, अप्पांना ते त्या दिवशी दिसलं. तरी कापलेला स्कूप उतरवायला हात धजेना. तो उतरला केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले तेव्हा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी मानाने वेगळी नोंदवता येणार, फी 20,000 रुपये. अप्पांनी बोटं मोजली. 1974 अधिक पन्नास. रातोरात त्यांचं धर्मांतर झालं. काल जे ‘मॉडिफिकेशन’ होतं ते आज ‘भ्रष्टाचार’ झालं. गल्लीतल्या पोराने बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावला तर त्याला थांबवून अप्पा ओरिजिनलपणावर प्रवचन देऊ लागले. पोरगं पट्ट्यांकडे बघत ऐकून घेई.

आता ओरिजिनल पार्ट आणायचे कुठून? पूर्वी त्यांची हक्काची खाण होती काळी-पिवळी. दादरला, बोरिवलीला अप्पा टॅक्सीला हात करायचे, पण बसायला नव्हे. ड्रायव्हर “किधर?” विचारायचा. अप्पा त्याच्या दाराच्या तिरक्या काचेची कडी निरखत म्हणायचे, “ये कितने में देगा?” 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली तेव्हा मुंबईकर हळहळले, फोटो काढले, जुन्या आठवणी लिहिल्या. अप्पांचं दुःख व्यवहारी होतं. त्यांचा चालताफिरता बाजार उठला होता.

व्हीलकप चमकवायला पुन्हा भाईंदर पूर्व. पातेल्यांच्या लॉटबरोबर बफिंगला दिलेल्या चारांतले तीनच परत आले, चौथा झाकण समजून पॅक होऊन गेला. महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी घरात आज त्याच्याखाली दूध झाकलं जातं. त्या घरातल्या मांजराचं काही चालत नसणार.

पण अप्पांचा खरा वैरी हवेत आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. इथे वारासुद्धा खारा. डाव्या बाजूचा सडका पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, लांबी भरायची, प्रायमर मारायचा. एवढं होईतो उजवी बाजू सडते. उजवी उरकली की डावी वाट बघत असते. काशिमिऱ्याहून एक वयस्क उस्ताद येतात. ते स्टुलावर बसतात, डेल्को उघडतात, पॉइंट घासतात, चहा पितात आणि जाताना एक वाक्य ठेवून जातात: “अप्पा, इसको जितना खोलोगे, उतना और निकलेगा.” अप्पांना हे आश्वासन वाटतं.

वहिनींनी या संसारातही आपली जागा राखली आहे. कार्बोरेटर धुवायला चहाची गाळणी नेली की त्या संध्याकाळी टॉमीने (टायर काढायच्या, कुत्र्याच्या नव्हे) नारळ फोडतात. कोणी सहानुभूती दाखवायला आलं तर म्हणतात, “दारू नाही, जुगार नाही. संध्याकाळी माणूस कुठे सापडेल ते माहीत असतं. फक्त बाहेर ओढायला पाय धरावे लागतात.” खंडेनवमीला मात्र त्या स्वतः खाली येतात, पान्यांना हळदकुंकू लावतात, बॉनेटला झेंडूचा हार घालतात. वॉचमन विचारतो, “काकी, गाडी नवीन घेतली?”

गेल्या सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक चार होता, ‘पार्किंगमधील भंगाराबाबत निर्णय घेणे’. सेक्रेटरींनी विषय मांडला. अप्पा उठले.

“भंगार म्हणता ती गाडी मूळ नकाशाबरहुकूम आहे. आता सांगा, तुमची बाल्कनी कुठे गेली?”

सेक्रेटरींची बाल्कनी हॉलमध्ये गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“खजिनदारांच्या किचनची बेडरूम झाली. दोनशे चारने फ्लॉवर बेडवर देवघर काढलं. तळमजल्याने खिडकी फोडून दुकानाचं शटर लावलं. या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कंपनीने दिली तशी एकच वस्तू उरली आहे आणि ती पंपाशेजारी उभी आहे.”

विषय क्रमांक चार पुढे ढकलण्यात आला. विषय क्रमांक पाच होता ‘अनधिकृत ग्रिल’. तो कोणी वाचलाच नाही.

आणि एका रविवारी ती सुरू झाली! चोक ओढला, सेल्फ मारला, दोनदा खोकली आणि निळा धूर सोडत लागली. चेअरमन बनियनवर खाली आले. पोरांनी व्हिडिओ काढले. अप्पा पांढरा शर्ट घालून बसले, शेजारी वहिनी, मागे उस्ताद. गोल्डन नेस्टच्या चौकापर्यंत गाडी आपल्या पायांनी गेली. परत आली ती सोसायटीच्या पायांनी. ढकलायला सेक्रेटरी होते, खजिनदार होते, दोनशे चार होते. नोटीस काढणारे आणि धक्का मारणारे इथे वेगवेगळे नसतात. अप्पा आतून सूचना देत होते, “एकसारखा जोर लावा, ओरिजिनल बंपर आहे!”

व्हिंटेजची फाइल तयार झाल्यावर त्यांनी नियम सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. एक अट अशी, की नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. मग खजिनदारांनी लिहिलं, “ही अट तर अप्पा वीस वर्षांपासून पाळतायत.” खाली बेचाळीस अंगठे पडले. त्यातला एक वहिनींचा होता.

एवढ्यात सोसायटीवर रिडेव्हलपमेंट आली. कंपाउंडमध्ये मांडव, खुर्च्या, बिल्डरच्या माणसाचं स्क्रीनवर बावीस मजल्यांचं स्वप्न: जिम, गच्चीवर बाग, यांत्रिक पार्किंग. सगळे मान डोलावत होते. अप्पांनी हात वर केला.

“पाडायची कशाला? चांगली बांधली आहे. रिस्टोर करा.”

सभेने एकमुखाने त्यांना खाली बसवलं. ते पुन्हा उठले. बांधकाम होईतो सभासदांना घरभाडं मिळणार, तसं गाडीच्या जागेचंही भाडं पाहिजे, ही त्यांची मागणी. बिल्डरचा माणूस हसला. त्याने कोपऱ्यातल्या चंदेरी कव्हरकडे बोट दाखवून विचारलं, “काका, तोपर्यंत तरी ती पूर्ण होईल का?”

“तुमच्या टॉवरच्या आधी होईल,” अप्पा म्हणाले.

मांडवात कोणी हसलं नाही. शेजारच्या सोसायटीचे लोक भाड्याच्या घरात किती वर्षं आहेत, याचा हिशेब जो तो करू लागला होता. सेक्रेटरींनी मिनिट्समध्ये गाडीच्या भाड्याचा मुद्दा लिहून घेतला आणि अप्पांची ती तारीख सभेने पहिल्यांदाच, एकमताने, खरी मानली.