गुणाकाराचे घरगुती साहित्य : पालकांनी पाळावयाच्या सूचना

पारनेर तालुक्यात टंचाई जाहीर होते ती पाण्याची; गुणाकाराच्या साहित्याची इथे कधीच नव्हती. तरीही तिसरीतल्या पोराला घरी गुणाकार शिकवायचे ठरले, की बाप आधी मोबाईल काढतो आणि रंगीत मण्यांचा संच मागवावा की लाकडी ठोकळ्यांचा, यावर घरात खल सुरू होतो. अशा पालकांसाठी पुढील सूचना काढण्यात येत आहेत. त्या तात्काळ लागू समजाव्यात.

प्रथम मोजण्याजोग्या वस्तू जमवाव्यात. चिंचोके सर्वोत्तम: फुकट मिळतात, फार घरंगळत नाहीत आणि हरवले तरी कोणी रागावत नाही. खडेही चालतील, मात्र ते निघोजहून आणू नयेत. कुकडीच्या पात्रातले दगडगोटे पाण्याबरोबर गरगरत काळ्या कातळात रांजणखळगे कोरत आले आहेत. ते काम अजून चालू असल्यामुळे त्यांना गणित विभागात प्रतिनियुक्तीवर घेता येणार नाही.

फुकटच्या वस्तूने शिक्षण होते यावर घरातल्या जाणत्या मंडळींचा विश्वास बसत नसेल, तर ताराबाई मोडकांचा दाखला द्यावा. माँटेसरीबाई 1939 साली भारतात आल्या. त्यांची साधने देखणी, पण खेड्याला न परवडणारी. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. तिथे पाने, बिया, शिंपले, खडे हेच साहित्य. ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, हे शेवटी सांगावे. जाणती मंडळी त्यालाच वळतात.

वाटाण्याबाबत स्वतंत्र इशारा देणे भाग आहे. पारनेरचा वाटाणा नावाजलेला, त्यामुळे हंगामात तो साहित्य म्हणून वापरण्याचा मोह होतो. ‘सहा शेंगा, प्रत्येकीत सात दाणे, तर एकूण किती?’ हा प्रश्न वहीत शोभतो. शेंग सोलली की एकीत पाच, दुसरीत आठ, तिसरीत चार आणि एक अळी. गुणाकाराला समसमान गट लागतात, ही गोष्ट शेंगेला कोणी कळवलेली नसते. शिवाय सोलणारा विद्यार्थी अधूनमधून एखादा दाणा तोंडात टाकत असल्याने पाठ वजाबाकीकडे वळतो. तरी शेंगा उचलून ठेवू नयेत. ‘इथे पाढा का चालत नाही?’ एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. पोर स्वतःहून दाणे सात-सातच्या वाट्यांत भरू लागले, तर निम्मा गुणाकार झाला असे धरावे. गप्प बसणे हा या सूचनांमधला सर्वांत अवघड भाग आहे आणि त्यासाठी कोणतेही साहित्य उपलब्ध नाही.

आता मुख्य साधन: अंड्यांचा तीसचा पुठ्ठ्याचा ट्रे. कोणत्याही अंडेवाल्याकडे तो रिकामा पडलेला असतो. त्यात पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात. ट्रे आडवा फिरवला की सहा खळग्यांच्या पाच ओळी होतात आणि चिंचोके तीसच राहतात. ‘पाच सक तीस’ आणि ‘सहा पंचे तीस’ ही दोन वेगळी संकटे नाहीत, हे मुलाला फिरवता फिरवता दिसते. सात सक अडले तर ट्रे भरून तीस घ्यावेत, शेजारी दुसऱ्या ट्रेच्या सहा-सहाच्या दोन ओळी भरून बारा घ्यावेत. बेचाळीस.

ही युक्ती पुठ्ठ्याची असली तरी जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त 135 गुणिले 12 हे उदाहरण घेतले आणि बाराचे आठ व चार असे तुकडे करूनही ते सोडवले. उत्तर 1620. पालकांनी हेच उदाहरण चिंचोक्यांनी करायला जाऊ नये; चिंचेच्या मालकाशी संबंध बिघडतील.

आजोबा हजर असल्यास खबरदारी घ्यावी. ट्रे पाहून ते ‘आमच्या वेळी’ने सुरुवात करतात आणि औटकी विचारतात. साडेतीन साते किती? साडेचोवीस. चिंचोका अर्धा करता येत नाही, म्हणून इथे प्रयोगशाळा चुलीपाशी हलवावी. चार माणसांना सव्वा-सव्वा भाकरी वाढायची तर पाच भाकरी लागतात. आजोबांची सवायकी अशी ताटात उतरली, की त्यांचाही पाठांतराचा आग्रह जेवण होईपर्यंत मवाळ होतो. पाठांतर बंद मात्र करू नये. संध्याकाळी पाढे म्हणवून घ्यावेतच. फक्त पोराला ‘सात सक’ म्हणताना डोळ्यांपुढे ट्रे दिसतो की पट्टी, याची खात्री करून घ्यावी.

पुढचा पाठ पावसावर अवलंबून असल्याने त्याची तारीख देता येत नाही. स्लॅबवर खडूने एकेक मीटरचे चौकोन आखावेत. आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद, म्हणजे चाळीस चौकोन. एका चौकोनावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. बारा मिलिमीटर पडला तर चाळीस गुणिले बारा, 480 लिटर. पिंपात त्याहून कमी भरले तर गुणाकार चुकला असे न समजता पन्हाळ तपासावी. ढग नुसतेच वरून निघून गेले तर शून्याचा पाढा घ्यावा.

परीक्षा आठवडे बाजारात घ्यावी. मेथीची जुडी पंधरा रुपयांना, अशा सात जुड्या घ्याव्यात आणि हिशेब पोराला करू द्यावा. ते बोटांवर पुटपुटेल, दहा साते सत्तर आणि पाच साते पस्तीस वेगळे काढेल, भाजीवाली घाई करील, मागचे गिऱ्हाईक खाकरेल. तेवढ्या वेळात बापाने पिशवीआड मोबाईलवर उत्तर पाहण्यास हरकत नाही. मात्र ‘एकशे पाच’ असे ओरडून सांगितल्यास परीक्षा रद्द समजून पुढच्या बाजारी पुन्हा घेतली जाईल आणि तोवर मेथी बापाने निवडावी.