गडग्यावरचा बियांचा बाजार

"अगो, आहेस का? त्या निळ्या गोकर्णीच्या शेंगा वाळल्या का तुझ्या?"

काकूंचा आवाज आधी येतो, मग चिऱ्याच्या गडग्यावर त्यांचं डोकं दिसतं. हातात पदराची पुरचुंडी. म्हणजे नुसतं मागणं नाही, देवघेव आहे.

"वाळल्यात की. पण मागच्या वर्षी नेलेल्या उगवल्या नाहीत म्हणालात ना?"

"कशा उगवतील? ह्यांनी तशाच पुरल्या. कवच किती कठीण त्याचं! दगडावर जरा घासायचं, रात्रभर पाण्यात ठेवायचं, फुगेल तेवढंच लावायचं. पुरुषांना सुपारीपलीकडे बी म्हणून काही असतं हे ठाऊकच नाही."

हे मात्र खरं. दिवेआगरात वाडी म्हणजे माड आणि पोफळी, बाकी सगळं 'बायकांचे चाळे'. आमच्या वाडीत तर भर दुपारी अंधार असायचा. तुळससुद्धा उन्हासाठी पुढच्या अंगणात. मग 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं. पिढ्यांनी जपलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या आणि संध्याकाळी परसातून आभाळ दिसायला लागलं. पुरुषमंडळी डोक्याला हात लावून बसली. नव्या पोफळी लावल्या, पण त्या धरायला सहा-सात वर्षं. तोवर त्या उन्हाचं करायचं काय? ते आम्ही घेतलं. कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

"निळ्या चहाचं कळलं का?" काकूंनी आवाज खाली आणला. "वरच्या आळीत पाहुण्यांना गोकर्णीचा चहा देतात. लिंबू पिळलं की जांभळा होतो. लोक मोदक थंड करतात नि त्या पेल्याचे फोटो काढतात! गवतीचहाचे पैसे कधी कुणी दिले होते का?"

"तुमच्या लव्हेंडरचं काय झालं?"

"नाव नको काढू. सुनेनं पाकीट आणलं. थंडी लागते म्हणे त्या बियांना, म्हणून महिनाभर फ्रिजात, माझ्या कोकमाच्या बाटलीशेजारी. उगवलं हो, नाही असं नाही. श्रावणात कुजलं. इथली दमट हवा माणसांना सोसत नाही, त्याला कुठली सोसायला? त्यापेक्षा कापूर तुळस बरी. तीही परदेशीच, आफ्रिकेतली, किलिमांजारोचं नाव लावते. पण रुळली बिचारी. बी एवढंसं असतं, राखेत मिसळून नुसतं भुरभुरायचं. माती लोटलीस की गेलं."

मी अबोलीची बोंडं पुढे केली. काकूंनी एक तांब्यातल्या पाण्यात टाकलं आणि दोघी वाट बघत राहिलो. टच्च! बी उडून थेट त्यांच्या चष्म्यावर. अबोलीचं असंच, बोंड भिजलं की फुटतं. पहिल्या पावसात ती आपणहून वाडीभर पसरते, आपण फक्त उपटायची नाही.

"आणि हे घे." पुरचुंडीतून लालभडक दाणे निघाले. कळलावी.

"नको हो काकू! घरात भांडणं लागतात म्हणतात."

"आमची भांडणं लागली ती मोजणीवाला आला म्हणून. कळलावीचं फूलसुद्धा नव्हतं तेव्हा दारात. मात्र पोरांच्या हाताला लागेल अशी लावू नकोस. कंद जहरी, बीसुद्धा. कडेला, वईवर चढू दे. पहिल्या वर्षी फुलाची आशा धरायची नाही. नुसता कंद पोसते."

त्या आळं खणायलाही सांगत होत्या, तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा कुणीतरी डोकावला. दिवेआगरात खणताना लोक डोकावतातच. 1997मध्ये इथल्याच एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला. तेव्हापासून कुदळीचा आवाज आला की सगळ्यांना वाटतं, काय निघालं? आमच्याकडे पोफळीची मुळं निघतात.

शेवटी मुख्य जिन्नस. सुरंगीची तीन फळं, झाडाखालून वेचलेली.

"कुणाच्या झाडाखालून?"

"मोजणीवरून ज्यांच्याशी बिनसलं, त्यांच्या. पहाटे गेले होते. आता काय, सुरंगीला फळ धरणारं झाड वेगळं नि नर वेगळा. रोपावर काही कळत नाही. फुलायला लागेल तेव्हा समजायचं."

"आणि फळवालं निघालं तर?"

"तर नर हवा जवळपास. तो आहे त्यांच्याच वाडीत, विहिरीपाशी." काकूंनी पदर झटकला. "दहा-बारा वर्षं आहेत अजून. तोवर बोलायला लागू त्यांच्याशी. तू आधी गोकर्णीच्या शेंगा आण, ऊन चढतंय."