आशालता नक्की कुणाची?

आमच्या शेजारच्या काकूंना टीव्हीवरचा पिक्चर एकट्यानं बघवत नाही. जाहिराती लागल्या की त्या कंपाउंडच्या भिंतीशी येतात आणि तेवढ्या पाच मिनिटांत पिक्चरची, नटांची आणि गल्लीची अशा तिन्ही खबरा देऊन जातात. परवा ‘अंकुश’ लागला होता.

“नाना पाटेकर काय पोरगेला दिसतोय गं! आणि ती आशालता. बिचारी गेली ती आपल्या साताऱ्यातच की.”

“गेली साताऱ्यात म्हणून ती साताऱ्याची होते का काय?” माझं माहेर सांगली, त्यामुळं गप्प बसवेना. “नाटकात तिनं तोंडाला पहिल्यांदा रंग लावला तो आमच्या देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये. रेवती झाली होती. आणि देवल हरिपूरचे. सांगलीला लागून आहे.”

“हळदीचं हरिपूर?”

“हळदीच्या पेवांचं, कृष्णा-वारणेच्या संगमाचं आणि देवलांचं.”

काकूंना ‘संशयकल्लोळ’ची गोष्ट नीट आठवेना. मग मी सांगितली. रेवतीला रस्त्यात चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं तेवढंच त्याची बायको कृत्तिका खिडकीतून बघते. ती खाली धावत येईस्तोवर दोघं गेलेली असतात, तिच्या हाती लागते ती रेवतीकडून पडलेली अश्विनशेटची तसबीर. आता नवरा बघतो तर बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर! तिथून जो घोळ सुरू होतो तो शेवटपर्यंत.

“म्हणजे तिनं खिडकीतून बघितलं म्हणून सगळं नाटक घडलं,” काकू म्हणाल्या. “मग खिडकीत बसणाऱ्यांना नावं ठेवू नये माणसानं.”

हा टोला आमच्या सासूबाईंना होता. मी तो पोचवला नाही.

“बरं, तुमचे देवल घ्या. पण तिचं नाव झालं कशानं? ‘मत्स्यगंधा’नं. कानेटकरांचं नाटक. आणि वसंतराव कानेटकर जन्मले कुठं? रहिमतपूरला. कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा!” काकूंनी जिल्हा असा उच्चारला की सातबाराच दाखवावा.

“पण शिकले विलिंग्डन कॉलेजात. सांगलीला.”

“शिकायला कुणीही कुठंही जातं गं.”

खरं सांगायचं तर आमच्या दोघींच्या भांडणात तिसऱ्याच गावाचा हक्क मोठा. आशालता वाबगावकर गोव्याची. जन्म 1941 चा, घरची भाषा कोंकणी. ‘मत्स्यगंधा’ 1964 साली रंगभूमीवर आणलं ते मुंबईच्या धी गोवा हिंदू असोसिएशननं. तिला शिकवलं ते गोपीनाथ सावकारांनी. त्यांना ती गुरू मानायची. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, तेही मंगेशीचे. नाटकाला संगीत देण्याची त्यांची ती सुरुवात होती. म्हणजे रहिमतपूरच्या माणसानं लिहावं आणि गोवेकरांनी ते गाऊन मोठं करावं, असा तो योग. बरोबर रामदास कामत, तेही गोव्याचेच. त्या काळी संगीत नाटक संपलं म्हणून सगळे हात झटकून मोकळे झाले होते, त्यात ही पदं घराघरातल्या रेडिओवर जाऊन बसली. होडी वल्हवणारी कोळ्याची पोर ते हस्तिनापूरची राणी, एवढा पल्ला आशालतानं केलेल्या सत्यवतीला चालायचा होता, तोही गाऊन. उसन्या आवाजाची सोय नाटकात नसते.

आणि मग सिनेमानं तिचं काय केलं? आई केली. बासू चॅटर्जींच्या ‘अपने पराये’मध्ये तिला भरपूर काम मिळालं, त्याचं तिनं सोनं करून दाखवलं. मराठीत ‘उंबरठा’ होता, ‘नवरी मिळे नवऱ्याला’ होता. पण त्यानंतर हिंदीत कुणाची आई, कुणाची वहिनी, कुणाची मावशी, असं शेकड्याच्या हिशेबात काम. माझं स्पष्ट मत आहे, गळ्यात गाणं असलेली नटी हाताशी असताना तिला देवापुढं निरांजन लावायला उभं करणं ही उधळपट्टी झाली. काकूंना हे पटलं नाही. “आई तर आई. पोटाला लागतंच की. आणि घराघरात ओळखत होते तिला. तुझ्या त्या पदांनी ओळखलं असतं का?”

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून विषय 2020 वर नेला.

त्या वर्षी कोरोनामुळं मुंबईत शूटिंगची पंचाईत होती, त्यामुळं युनिटं आपल्या भागात उतरली. आपल्याला शूटिंगची नवलाई नाही म्हणा. ‘स्वदेस’मधला घाट मेणवलीचा आहे हे वाईतलं शेंबडं पोरही सांगेल. ‘आई माझी काळुबाई’ तर मांढरदेवच्या आईचीच मालिका, निर्मिती अलका कुबलची. आशालताची आणि तिची ओळख ‘माहेरची साडी’पासूनची. आशालता त्या मालिकेच्या कामाला आली तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती.

“मला तेव्हा पोरं कोपऱ्यावर भाजीला जाऊ देत नव्हती,” काकू म्हणाल्या. “आणि ती एवढ्या लांब कामाला!”

सरकारनं तरी कुठं जाऊ दिलं होतं? शूटिंग पुन्हा सुरू करताना पासष्टीच्या वरच्या कलाकारांना सेटवर मनाई होती. एक ज्येष्ठ ज्युनियर आर्टिस्ट कोर्टात गेले, आम्ही खायचं काय म्हणून. मुंबई हायकोर्टानं ऑगस्ट 2020 मध्ये ती अट रद्द केली. सप्टेंबरात सेटवर बऱ्याच जणांना कोरोना झाला, त्यात आशालताही. साताऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. 22 सप्टेंबरला गेली, अंत्यसंस्कारही इथंच झाले. ते दिवसच असे होते की माणसं गोळा व्हायची सोय नव्हती.

“कोर्टानं परवानगी द्यायलाच नको होती,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे तुम्हाला भाजीला जाऊ देत नव्हते ते बरोबर होतं?”

“ते वेगळं!” काकू कडाडल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, “नाही गं. धडधाकट माणसाला वयाकडं बघून घरी बसवणं वाईटच. मला माहितीय ते.”

माझंही मत कोर्टाच्याच बाजूचं आहे. तिचं मरण त्या निकालाच्या माथी मारू नये. तोवर साथ सगळीकडंच पसरली होती, घरात बसलेलीही कितीतरी गेली.

तर वाचकहो, आशालता सातारची की सांगलीची हा वाद आमच्या भिंतीवर चालू राहील. तुम्ही तिला नुसतं पडद्यावरची आई म्हणून ओळखत असाल तर ‘मत्स्यगंधा’तली तिची पदं मिळवून ऐका. तिचं आठवणींचं पुस्तक आहे, ‘गर्द सभोवती’. वाचनालयात मागा, नसेल तर मागवायला लावा.