खुराडेगड

माळवलीला लोकलमधून उतरावं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाज्याच्या वाटेला लागावं, की समोर लोहगड आणि विसापूर उभे. निवृत्तीनंतर इथे राहायला आलो तेव्हा वाटलं होतं, उरलेलं आयुष्य या दोन किल्ल्यांकडे बघत, चहा पीत काढायचं. तिसरा किल्ला मलाच बांधावा लागेल आणि रात्रंदिवस लढवावाही लागेल, हे बँकेच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सुरुवात नऊ पाखरांनी झाली. आठ तलंगा आणि एक कोंबडा. सौ.ने पहिल्याच दिवशी सगळ्यांची बारशी उरकली : ठमी, बत्ताशी, झिपरी, काळी वगैरे. नाव ठेवलेली कोंबडी कापता येत नाही, हे तिचं धोरण मला फार उशिरा कळलं. कोंबड्याचं नाव तेवढं मी ठेवलं, किल्लेदार. तुरा, छाती, आवाज, सगळं किल्लेदाराला शोभेसं. पुढे असं दिसून आलं, की संकटाची चाहूल लागताच गडावरून सगळ्यांत आधी पसार होणारा तोच.

खुराडं मी माझ्या हातांनी बांधलं. इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. आमच्या डोक्यावरच्या भाजे लेण्यात चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. त्या दोन हजार वर्षांहून जास्त काळ मावळच्या पावसाला पुरून उरल्या आहेत. माझ्या खुराड्याची लाकडी चौकट पहिला श्रावण संपायच्या आत बोटाने उकरता येऊ लागली. त्या भिक्षूंचा सुतार कोण होता, हे कुणी सांगेल तर बरं. आणि त्यांच्या खोल्या! सगळीकडून अखंड कातळ, एकच दार. खालून उकरायला नको, वरून उचकटायला नको. अहिंसा पाळणाऱ्या त्या मंडळींना कोंबड्या पाळण्याची बुद्धी झाली असती, तर एकही दगावली नसती.

माझ्या खुराड्याला दुकानदाराने ‘चिकन मेश’ सुचवली. नावात चिकन आहे म्हणजे कोंबडीच्या भल्यासाठीच असणार, असं मी धरून चाललो. शेजारच्या आजी कुंपणापाशी येऊन जाळीला बोट लावून म्हणाल्या, “सायेब, ही तर गिलाव्याची जाळी. भितीला मारत्यात ही. हिनं कोंबडी आत ऱ्हाईल, पन भायेरचं भायेर न्हाई ऱ्हायाचं.” मी हसलो. बत्तीस वर्षं कर्जाच्या कागदपत्रांत त्रुटी काढलेला माणूस मी. आजींचा शेरा मी फाइलला लावून टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मुंगूस आलं. चोर रात्री येतात ही माझी पक्की समजूत. मुंगूस मात्र बँकेच्या वेळेत येतं. लहानपणी मुंगूस दिसलं की आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगत असू. तेव्हाच्या त्या सगळ्या शपथा साठून राहिल्या असाव्यात, त्याने भाज्यात एका फेरीत फेडल्या. जाळीखालची माती उकरून ते आत शिरलं, दोन अंडी फोडली, झिपरीची शेपटी अर्धी केली आणि जाताना खरंच वळून तोंड दाखवून गेलं. मी काठी उचलली, तर सौ. म्हणाली, “१९७२चा कायदा आहे त्याच्या बाजूने.” वन्यजीव संरक्षण कायदा तिला एरवी ठाऊक असण्याचं कारण नाही, पण माझ्या हातात काठी दिसली की तिला कुठलाही कायदा आठवतो.

मग खंदक. चारी बाजूंनी दीड फूट खणलं, अर्धा इंच भोकांची जाड वेल्डमेश आणून उभी पुरली आणि खालचं टोक बाहेरच्या अंगाला दुमडलं. उकरणारा भिंतीला चिकटूनच उकरतो, दोन पावलं मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. शत्रूच्या बुद्धीची मर्यादा मला पहिल्यांदाच कळली आणि मी निर्धास्त झोपलो.

इथे लोहगडाची गोष्ट सांगावी लागते. लोहगडाला एकामागे एक चार दरवाजे : गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वाट अशी नागमोडी, की पुढच्या दरवाज्यापर्यंत जाईतो शत्रूला घाम फुटावा. पण शेजारचा विसापूर लोहगडाहून उंच. १८१८च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगडाला दरवाजे असूनही काही उपयोग राहिला नाही. हे मी पाहुण्यांना दर पावसाळ्यात ऐकवतो. तरीही खुराड्यावर ओणवलेली फणसाची फांदी मला दिसली नाही.

रानमांजर फणसावरून पत्र्यावर उतरलं. पन्हाळी पत्र्याच्या लाटा आणि भिंत यांच्यामध्ये ज्या फटी राहतात, त्यांतली एक त्याला पुरली. रात्री दोनला किंकाळ्या. बॅटरी घेऊन धावलो, तोवर काळी गेली होती. किल्लेदार फणसाच्या शेंड्यावर होता. तो तिथे कसा पोचला, याचा उलगडा आजवर झालेला नाही. सकाळी आजी आल्या, फांदीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, “शिडी लावून दिली व्हय तुमी त्याला?” त्या दिवशी विसापूर, म्हणजे ती फांदी, छाटली.

घारीबद्दल फार सांगत नाही. तिला भिववण्यासाठी भजनांच्या जुन्या सीडी दोरीला टांगल्या. वाऱ्यावर छान चमकतात, घारीला आवडतात असं दिसतं. पिल्लांवर आजींनी दिलेलं बुरुडाचं डालं उपडं घातलं आणि तो विषय मिटला. राहता राहिले शनिवार-रविवारी धबधब्याला येणारे लोक. ते कुंपणावरून विचारतात, “काका, गावरान मिळेल का?” मुंगूस निदान विचारत तरी नाही.

असा गड अभेद्य झाला. मग त्याच्या आत काळीची जागा भरायला मी आठवडी बाजारातून एक पांढरी, डौलदार कोंबडी आणली. पन्नास रुपये कमी करून घेतले, पिशवीत घातली आणि थेट सगळ्यांत सोडली. पाचव्या दिवशी ठमी पंख पाडून कोपऱ्यात बसली. हिरवट हगवण, चोच उघडी टाकून धाप. दुसऱ्या दिवशी बत्ताशीची मान अशी मुरगळली, की डोकं पाठीला टेकलं. आजींनी कुंपणापलीकडूनच ओळखलं. “मानमोडी हाय ती. आता औशिद न्हाई तिला.”

आठवड्यात नवांपैकी पाच गेल्या. पांढरीसुद्धा. ज्या शत्रूसाठी दीड फूट खंदक खणला तो बाहेरच राहिला, आणि ज्याने गड मारला त्याला मी घासाघीस करून, पिशवीत बसवून, दार उघडून आत घेतलं होतं. किल्ले बहुतेक असेच पडतात असं इतिहासात वाचलं होतं. पण फितुराच्या जागी स्वतःला कुणी कल्पत नाही.

डॉक्टर म्हणाले, राणीखेत. सौ. म्हणाली, “नाव किती गोड आहे!” नाव खरंच उत्तराखंडातल्या त्या थंड हवेच्या गावाचं, १९२०च्या दशकात आपल्या देशात हा रोग तिथे ओळखला गेला. इंग्रज त्यालाच न्यूकॅसल म्हणतात, म्हणजे त्यांच्याही एका गावाचं नाव गेलंच. विषाणूचा रोग, आला की उपाय नाही, आधी लस टोचली तरच निभाव. नवं पाखरू दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं, मेलेलं चुना टाकून खोल पुरायचं, बाजारातून आल्यावर चपला धुऊन मगच खुराड्यात जायचं. करोनात हे सगळं मी स्वतः पाळलं होतं. कोंबडीला ते लागू पडेल, हे डोक्यात आलं नाही.

मुंबईच्या भाच्याला कळताच त्याचा फोन, “मामा, बर्ड फ्लू तर नाही ना?” २००६ साली नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून मावळात कोंबडी शिंकली तरी मुंबईत अंड्याचं ऑम्लेट थांबतं.

उरलेल्या चौघांत चार नव्यांची भर घातली (एकवीस दिवस वेगळ्या डाल्यात ठेवून) आणि मी लस आणायला निघालो. लसोटा नावाची ही लस औंधच्या सरकारी संस्थेतही तयार होते, म्हणजे म्हटलं तर घरचीच. पण तिची कुपी असते शंभर डोसांची. माझ्याकडे कोंबड्या आठ. शिवाय कुपी बर्फातच ठेवायची, आणि एकदा पाणी मिसळलं की दोनेक तासांत संपवायची.

पुण्याहून परतताना लस बर्फासकट चहाच्या थर्मासमध्ये ठेवली. आकुर्डीला समोरच्या गृहस्थांनी विचारलं, “काका, चहा आहे का?” मी म्हटलं, “नाही, लस आहे.” आसपासचे चौघे सरकून बसले. “कसली?” “कोंबड्यांची.” ते चौघे परत जागेवर आले. एकाने तळेगावपर्यंत आपल्या मामाच्या पोल्ट्रीतला तोटा सविस्तर सांगितला.

संध्याकाळी कोंबड्या परतायच्या वेळी आजींनी वाडीत हाळी दिली. डाल्यातून, पिशवीतून, काखेतून कोंबड्या आल्या. आजी पाय आणि पंख धरायच्या, मी डोळ्यात एक थेंब सोडायचो, पोरं मोठ्याने मोजायची. त्रेसष्ट झाल्या. उरलेल्या लसीकडे बघून आजी म्हणाल्या, “आमच्या म्हाताऱ्याला घाला की, तो बी सारखा मान टाकून बसतो.”

शेवटचा किल्लेदार. त्याला फणसावरून उतरवायलाच वीस मिनिटं गेली. मी थेंब सोडायला आणि त्याने पंख झाडायला एकच गाठ पडली. थेंब माझ्या डोळ्यात.

या लसीने माणसाचे डोळे येतात, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात कळलं. लालभडक डोळा घेऊन मी ओट्यावर बसलो होतो. सौ.ने चहा आणून ठेवला, डोळ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि हातातल्या वहीत चौसष्टावी रेघ ओढली.